येशूचे ईश्वरत्व : पंडिता रमाबाईंची शंका आणि तथागताची कसोटी

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात रहिमतपूर हे जुने गाव आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याच्या नावाशी निगडित असलेली मशीद व कबर तेथे आजही उभी आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर साताऱ्याहून मसूरकडे जाताना रहिमतपूरचे स्थानक लागते. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी लहानगा भीमराव आपल्या भावंडांसह याच मार्गाने साताऱ्याहून मसूरला गेला होता. मसूरला उतरल्यावर ही मुले महार आहेत हे कळताच गाडीवान मिळेना आणि वाटेत कोणी पाणी देईना. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण हेही याच जिल्ह्यात, शेजारच्या खटाव तालुक्यात आहे. धर्म माणसाला जवळ करतो की दूर लोटतो, हा प्रश्न या मातीला नवा नाही.

या रहिमतपुरात वर्षावासाच्या निमित्ताने भरलेल्या उपासक-उपासिकांच्या एका सभेत बोलण्याचा योग मला आला. प्रवचन संपल्यावर एक महाविद्यालयीन तरुण उभा राहिला. त्याच्या मामाचे कुटुंब दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. मामेभावाने त्याला एक पत्रक दिले होते. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले. असे म्हणणारा माणूस एक तर फसवणारा असला पाहिजे, नाही तर भ्रमिष्ट, नाही तर तो खरोखरच देव असला पाहिजे. पहिले दोन पर्याय त्याच्या चरित्राशी जुळत नाहीत, म्हणून तिसरा स्वीकारणे भाग आहे, असा त्यातील युक्तिवाद होता. तरुणाने विचारले, "सर, यावर आपले उत्तर काय?" मागून एक वयोवृद्ध उपासक म्हणाले, "अरे बाळा, आपल्याला काय करायचे आहे त्याचे? आपला धम्म आपल्यापाशी."

त्या ज्येष्ठांविषयी आदर राखूनही मला वाटते की, उत्तर देणे आवश्यक आहे. 'या आणि पाहा' असे ज्या धम्माचे आवाहन आहे, त्याच्या अनुयायांनी दुसऱ्याचे म्हणणे पाहण्याचे नाकारणे योग्य नव्हे. शिवाय हा प्रश्न मराठी मनाला प्रथमच पडलेला नाही. एका असामान्य मराठी विदुषीने तो सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी, स्वतः ख्रिस्ती झाल्यानंतर, आपल्या गुरुजनांनाच विचारला होता. प्रस्तुत लेखात तो इतिहास पाहून मग पाली सुत्तांच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

ख्रिस्ती बाजूचे म्हणणे

प्रथम प्रतिपक्षाची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. दुबळी करून मांडलेली बाजू खोडण्यात पुरुषार्थ नाही.

येशूच्या ईश्वरत्वासाठी ख्रिस्ती विचारवंत सामान्यतः पाच प्रमाणे देतात. पहिले, येशूचे अधिकारवाणीचे बोलणे. तो पापांची क्षमा करतो, आणि ज्यू परंपरेत तो अधिकार केवळ देवाचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर तो स्वतःला पित्याशी एकरूप म्हणवितो. दुसरे, त्याच्या हातून घडलेले चमत्कार. तिसरे, जुन्या करारातील भविष्यवाण्यांची त्याच्या ठायी झालेली पूर्ती. चौथे, क्रूसावरील मृत्यूनंतरचे पुनरुत्थान. पाचवे प्रमाण ऐतिहासिक स्वरूपाचे आहे. एकाच देवाला मानणारे, मूर्तिपूजेचा तिटकारा असलेले ज्यू लोक एका सुताराच्या पुत्राला त्याच्या मृत्यूनंतर अल्पावधीतच 'प्रभू' म्हणून भजू लागले. काही तरी विलक्षण घडल्याखेरीज हे कसे शक्य झाले, असा हा प्रश्न आहे. पत्रकातील त्रिपर्यायी युक्तिवाद सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाच्या १९५२ च्या पुस्तकामुळे जगभर पसरला. मात्र त्याचे मूळ त्याहून जुने आहे.

ही प्रमाणे ख्रिस्ती समाजातही वादाशिवाय मान्य झाली नाहीत. चौथ्या शतकात आरियस नावाच्या धर्मोपदेशकाने पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नाही, असे प्रतिपादन केले. त्यावर इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने बोलाविलेल्या नायसिया येथील परिषदेने पुत्र पित्याशी एकाच सत्त्वाचा आहे, असा निर्णय दिला. २०२५ साली त्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. पुढे इ. स. ४५१ च्या कॅल्सिडन परिषदेने येशू पूर्ण देव व पूर्ण मानव असल्याचे ठरविले. म्हणजे येशू कोण होता, या प्रश्नाचे आज रूढ असलेले सैद्धांतिक उत्तर त्याच्यानंतर तीन-चार शतकांच्या वादांतून आकाराला आले.

मराठीतील वाद

मराठीत हा विषय प्रथम आला तो काव्यरूपाने. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकातील राचोल येथे छापले गेले. त्यानंतर दोन शतकांनी, इंग्रजी अमलात, वादसभांचा काळ आला. १८३१ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांचे वाद मुंबईच्या समुद्रकिनारी आठवड्यामागून आठवडे रंगले. दोन्ही बाजूंनी ग्रंथ व पुस्तिका छापून आल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या सभांत एका बाजूला ब्राह्मण शास्त्री आणि दुसऱ्या बाजूला गोरे मिशनरी होते. श्रुतीचे प्रामाण्य विरुद्ध बायबलचे प्रामाण्य असा तो सामना होता. ज्यांना श्रुती ऐकण्याचाही अधिकार नव्हता, त्या अस्पृश्य समाजाला त्यात पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

या काळातील सर्वांत लक्षणीय व्यक्ती म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने प्रथम ख्रिस्ती मताचे खंडन करणारा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि नंतर १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. फादर नेहेम्या गोरे या नावाने त्यांनी उर्वरित आयुष्य ख्रिस्ती मताच्या मंडनात घालविले. १८९५ साली त्यांचे निधन झाले. ज्या तर्काने त्यांनी खंडन केले तोच तर्क त्यांनी मंडनासाठी वापरला. तर्क हा शस्त्रासारखा असतो. तो कोणाच्या बाजूने चालेल हे धरणाऱ्या हातावर अवलंबून असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

रमाबाईंची शंका

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीविरुद्ध जाऊन पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे हे कुटुंब दुष्काळात अन्नान्न करीत संपले. रमाबाई आणि त्यांचे बंधू तेवढे वाचले. कलकत्त्यात पंडितांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी शास्त्रे काय म्हणतात, हे मुळातून वाचल्यावर त्यांची श्रद्धा ढासळली. १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात याचा मोठा गहजब झाला. परंतु त्यानंतरची हकीकत सामान्यतः सांगितली जात नाही. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात असताना, विशेषतः १८८५ साली, रमाबाईंनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांना पत्रे लिहून ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्रैक्याचा सिद्धांत आणि कुमारीच्या उदरी झालेला जन्म यांविषयी मूलगामी शंका उपस्थित केल्या. बायबलमध्ये स्पष्ट आढळेल ते मी मानीन. पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मानण्यास मी बांधलेली नाही. विचार करण्यासाठी मला माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, असा त्यांच्या पत्रांचा आशय आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. बीलबाईंनी मात्र शंकेचा मान राखून उत्तरे देण्याचा प्रयत्न केला. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

एक परदेशस्थ, निराधार, अन्नवस्त्रासाठी मिशनवर अवलंबून असलेली विधवा आपल्या आश्रयदात्यांना असे विचारते, ही घटना साधी नव्हे. ज्या स्वाभिमानाने तिने ब्राह्मणांच्या शास्त्रांना प्रश्न विचारले, त्याच स्वाभिमानाने तिने चर्चलाही विचारले. आमचा आदर तिच्या या वृत्तीला आहे.

पुढे काय झाले? ख्रिस्ती मत पटण्यात फादर गोरे यांच्या लेखनाचे साहाय्य झाल्याचे रमाबाईंनी नमूद केले आहे. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाची प्रमाणे देणारी त्यांची एक पत्ररूप पुस्तिकाही १८८७ साली निघाली. परंतु रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत सांगितले आहे ते अधिक अर्थपूर्ण आहे. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या म्हणतात. १८९१ च्या सुमारास आलेल्या आंतरिक अनुभवानंतरच त्यांचे मन निःशंक झाले. त्यानंतर केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळपीडित मुलींसाठी केलेले कार्य आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून एकटीने केलेले बायबलचे मराठी भाषांतर यांपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. १९२२ साली त्यांचे निधन झाले.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची वाटही अशीच आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले हे कवी तर्काने नव्हे, तर तुकोबांच्या भक्तिमार्गाने ख्रिस्तापर्यंत गेले. १९१७ मध्ये त्यांनी रहिमतपूरपासून फार दूर नसलेल्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोहोंनाही तेथे जागा ठेवली. दोघांच्या चरित्रांतून एकच निष्कर्ष निघतो. प्रमाणांनी दारापर्यंत नेले. आत प्रवेश झाला तो शरणागतीने. प्रमाणे स्वतःच्या बळावर निष्कर्षापर्यंत पोहोचली असती, तर रमाबाईंसारख्या विदुषीला त्यासाठी इतकी वर्षे थांबावे लागले नसते.

जोतीरावांनी मात्र तिसरीच वाट दाखविली. मिशनच्या शाळेत शिकलेल्या या महापुरुषाने 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये येशूला पश्चिमेकडचा बळीराजा मानले. दीनांचा कैवारी म्हणून त्याला मान दिला, पण त्याचे पंथीय ईश्वरत्व स्वीकारले नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एकाच घरात बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान व सत्यधर्मी अशी माणसे प्रेमाने नांदावीत, अशी कल्पना त्यांनी मांडली आहे. त्या तरुणाचे मामाचे घर आणि त्याचे स्वतःचे घर यांच्यासाठीच जणू ती लिहिली गेली.

सुत्तांची कसोटी

आता आपण पाली सुत्तांकडे वळू. चमत्काराच्या प्रमाणाविषयी दीघनिकायातील केवट्टसुत्त पाहावे. नालंद्याचा गृहपतिपुत्र केवट्ट भगवंतांना विनवितो की, भिक्खूंकडून चमत्कार करवावेत, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. भगवान म्हणतात, अश्रद्ध माणूस म्हणेल की हा एखाद्या विद्येचा प्रभाव आहे. म्हणून अशा प्रातिहार्यांत त्यांना दोष दिसतो, आणि उपदेशाने माणसात घडणारे परिवर्तन हेच ते श्रेष्ठ प्रातिहार्य मानतात. चमत्काराने फार तर शक्ती सिद्ध होते, सत्य सिद्ध होत नाही.

परंपरेच्या प्रमाणाविषयी मज्झिमनिकायातील चंकीसुत्त सांगते की, श्रद्धा, रुची, परंपरा, तर्क आणि मनाला पटलेले मत या पाचही आधारांवर स्वीकारलेली गोष्ट खरी निघू शकते तशी खोटीही निघू शकते. पहिल्या शिष्यांची निष्ठा प्रामाणिक होती, हे आम्ही निःसंकोच मान्य करू. पण निष्ठेची तीव्रता हे विषयाच्या सत्यतेचे माप नव्हे.

त्रिपर्यायी युक्तिवादाचा दोष आता दिसून येईल. त्यात पर्याय तीनच आहेत, असे आधीच गृहीत धरले आहे. एखादा सच्छील, समंजस मनुष्य स्वतःविषयी प्रामाणिकपणे चुकू शकतो, हा चौथा पर्याय. त्याचे शब्द पुढच्या पिढ्यांच्या भक्तीत वाढत गेले, हा पाचवा. मार्काचे शुभवर्तमान इ. स. ७० च्या आसपासचे व योहानाचे त्यानंतरचे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मार्काच्या येशूला कोणी 'उत्तम' म्हटले तर तो त्याला टोकतो आणि उत्तमपण एका देवाकडेच देतो. अंतिम घटिका पुत्रालाही ठाऊक नाही, असेही तो सांगतो. योहानाचा येशू वेगळ्या भाषेत बोलतो. दोन चित्रांतील हे अंतर त्या पत्रकाने लक्षात घेतलेले नाही.

परंतु येथेच थांबलो तर आपण अप्रामाणिक ठरू. शुभवर्तमाने येशूनंतर चाळीस ते सत्तर वर्षांत लिहिली गेली. त्रिपिटक मात्र मौखिक परंपरेने चालत येऊन इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ग्रंथबद्ध झाले. ग्रंथ उशिरा लिहिला गेला, हा आक्षेप आपल्यावर अधिकच जोराने उलटतो. त्रिपिटकातही अद्भुत प्रसंग आहेत. मज्झिमनिकायातील अच्छरियब्भुतसुत्तात जन्मासमयीच्या नवलांची मालिका आहे.

मग फरक कोठे आहे? फरक असा की, ख्रिस्ती श्रद्धा एका व्यक्तीवर आणि तिच्या बाबतीत घडलेल्या घटनेवर उभी आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असा संत पौलाचाच निर्वाळा आहे. धम्माची रचना तशी नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते, ही गोष्ट सांगणाऱ्याच्या जन्मकथेवर अवलंबून नाही. ज्याने त्याने ती स्वतःच्या जीवनात पडताळून पाहावयाची आहे. अच्छरियब्भुतसुत्ताच्या शेवटी भगवान आनंदाला आणखी एक नवल ध्यानात ठेवण्यास सांगतात : तथागताला आपल्या वेदना, संज्ञा व वितर्क उत्पन्न होताना, टिकताना व मावळताना जाणवतात. अद्भुत जन्माकडून जागृतीकडे नेणारे हे वळण फार मोठे आहे.

बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी नियतकालिकातील आपल्या लेखात हाच भेद दाखविला. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले, महंमदांनी देवाचा प्रेषित म्हटले, कृष्ण स्वतःला परमेश्वर म्हणवितो. बुद्ध मात्र मार्गदाता राहिले, मोक्षदाता झाले नाहीत. मज्झिमनिकायातील वीमंसकसुत्तात तर शिष्याने खुद्द तथागताचीच परीक्षा कशी करावी, हे तथागतच शिकवितात. गुरूच आपल्या परीक्षेची रीत शिष्याच्या हाती देतो, हे तेथील विशेष आहे.

आपल्या घरात पाहणे

ही कसोटी दुसऱ्याला लावून झाल्यावर स्वतःलाही लावली पाहिजे. बुद्ध हा केवळ माणूस होता, असे आपण सभांतून सहज म्हणतो. अंगुत्तरनिकायात द्रोण ब्राह्मण भगवंतांना विचारतो, आपण देव आहात काय, गंधर्व आहात काय, यक्ष आहात काय, मनुष्य आहात काय? भगवान प्रत्येकाला नकार देतात, 'मनुष्य' यालाही. ज्या आस्रवांमुळे प्राणी या कोटींत गणला जातो ते क्षीण झाले आहेत, म्हणून मला बुद्ध समजावे, असे त्यांचे उत्तर आहे. याचा अर्थ ते ईश्वर होते असा नव्हे. माणूस म्हणून जन्मून स्वप्रयत्नाने जी अवस्था गाठता येते तिचे हे नाव आहे. परंतु हे उत्तर सोपे नाही, आणि त्याला घोषणेचे रूप देणे बरोबर नाही.

शास्त्याला देव करण्याचा मोह आपल्या परंपरेलाही झाला. बुद्ध मनुष्यलोकी राहिलेच नाहीत, येथे दिसले ते केवळ त्यांचे निर्मित रूप, असे मानणारे लोकही निघाले. कथावत्थूच्या अठराव्या वर्गात प्रारंभीच या मताचे खंडन आहे. अट्ठकथा ते वेतुल्यकांचे मत म्हणून सांगते. येशूचे शरीर हा केवळ भास होता, असे मानणारा पंथ आरंभीच्या ख्रिस्ती समाजातही होता. शास्त्याच्या देहाचे माणूसपण सहन न होणे ही एका धर्माची नव्हे, तर भक्त मनाची प्रवृत्ती दिसते.

आजही आपल्या वस्तीत बुद्धमूर्तीपुढे नवस बोलणारे हात दिसतात, आणि बाबासाहेबांना 'देव' म्हणणारे ओठही. त्या माउलीच्या कृतज्ञतेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. जिच्या पिढ्यांना कोणी माणूस म्हटले नाही, तिला माणूसपण देणारा देव वाटला तर ते समजण्यासारखे आहे. तथापि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचे नाकारण्याची प्रतिज्ञा आहे, हे विसरता कामा नये. अवतार नाकारून आपणच नवा अवतार उभा केला, तर प्रतिज्ञेचे अक्षर राहील आणि अर्थ जाईल. ज्याला देव केले त्याचे अनुकरण करण्याची जबाबदारी आपोआप टळते, हे त्यातील खरे संकट आहे.

त्या सभेत मी तरुणाला थोडक्यात सांगितले की, मामेभावाला जिंकायला जाऊ नकोस. त्याचे पत्रक पूर्ण वाच, मार्काचे शुभवर्तमान वाच, आणि त्याला केवट्टसुत्त वाचायला दे. येशूने दीनदुबळ्यांवर केलेल्या करुणेला तू वंदन करू शकतोस. त्यासाठी त्याला ईश्वर मानावे लागत नाही. आणि 'तुमचा बुद्ध कोण?' असे त्याने विचारले, तर तुझ्या वागण्यातून त्याला उत्तर मिळेल असे जग.

ते वयोवृद्ध उपासक सभेनंतर माझ्याजवळ आले. काही वेळ गप्प राहून म्हणाले, "सर, ते केवट्टसुत्त मलाही हवे. नातवाबरोबर मीही वाचीन." तेव्हा मला कळले की, तो तरुण त्यांचाच नातू होता.